दादासाहेब फाळके : रात्री फिल्म धुणारे घर

रोल धुवायला टाकणे, हा शब्दप्रयोग आता चाळिशी ओलांडलेल्यांनाच आठवत असेल. सरकारी रुग्णालयांत एक्स-रे काढला की रुग्णाला बाहेर बाकावर बसवून ठेवत. बऱ्याच वेळाने डार्करूमचे दार उघडे आणि तंत्रज्ञ पाणी निथळणारी फिल्म क्लिपला लटकवून आणे. हाड मोडले आहे की नाही, हे ओल्या फिल्मवरच सांगितले जाई. आत काय चालते, याची रुग्णाला कल्पना नसे. आधी डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो, पुन्हा भरपूर पाणी आणि शेवटी वाळवण, एवढाच तो क्रम. त्यातली एक पायरी चुकली की एक्स-रे पुन्हा काढायचा.

१९१२ साली मुंबईत दादरच्या एका घरात हाच क्रम रात्री-अपरात्री चालू होता. फरक इतकाच, की तिथली फिल्म वीतभर नव्हती. ती हजारो फूट होती, आणि बिघडली तर दिवसभराचे चित्रीकरण वाया जाणार होते. घर धुंडिराज गोविंद फाळके यांचे. दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला दिग्दर्शक आठवतो. पण त्या घरातला खरा धोका या अंधाऱ्या खोलीत होता, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाची दृष्टी नुकतीच जाता जाता वाचली होती.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. विल्सन कॉलेजात नोकरी मिळाल्यावर कुटुंब मुंबईला आले. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते, ते संगमरवराला धक्का न लावता काढून दाखवणारे हेच गज्जर. त्यांच्याच सांगण्यावरून फाळके रतलामला जाऊन तीन रंगांचे ब्लॉक बनवणे आणि डार्करूममधली छपाई शिकले. चित्रकार म्हणून निघालेला हा तरुण रसायनांच्या बाटल्यांपर्यंत पोहोचला तो असा. पुढे सिनेमा काढताना चित्रकलेइतकीच ही रसायनांची सवय कामी आली.

१८९५ मध्ये त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. १८९६ मध्ये मुंबईत उतरलेला प्लेग तेव्हा गावोगाव पसरत होता. १९०० च्या सुमारास या साथीत फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. हाफकिन यांची लस तोवर निघाली होती, पण ती फार थोड्यांनी टोचून घेतली होती. फाळक्यांनी गोध्रा सोडले. बडोद्यात पुन्हा स्टुडिओ थाटला, तर कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो असा लोकांचा समज. लस आणि कॅमेरा, दोहोंची भीती एकाच काळातली.

१९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. या सरस्वतीबाई. मध्यंतरी फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली, ती वंगभंगाच्या काळात सोडली, लोणावळ्याला छापखाना काढला, तो दादरला आणला, १९०९ मध्ये छपाईयंत्रांसाठी जर्मनीला जाऊन आले आणि शेवटी भागीदारांशी पटले नाही म्हणून त्यातूनही बाहेर पडले. चाळीस वर्षांचा माणूस, पदरात मुले, हाताला काम नाही. अशा वेळी गिरगावातल्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर राम-कृष्ण दिसले पाहिजेत, हे वेड तिथून लागले.

आणि मग डोळ्यांचे दुखणे सुरू झाले. ते रोज चार-पाच तास चित्रपट पाहत. घरी आणलेल्या फिल्मचे तुकडे मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर पाडत. झोप जवळजवळ नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, ती घेतली नाही, आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांनी तीन-चार चष्मे आलटून पालटून वापरायला देऊन उपचार केले, तेव्हा दृष्टी परतली.

चरित्रलेखांत याला बहुतेक ठिकाणी मोतीबिंदू म्हटलेले असते. वैद्यकशास्त्राला हे पटणारे नाही. मोतीबिंदूत डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होते. सिनेमा पाहून किंवा जागरणाने ते गढूळ होत नाही आणि चष्म्याने स्वच्छही होत नाही. तेव्हाही त्यावर शस्त्रक्रियाच लागे. तीन-चार चष्म्यांनी गुण आला, यावरून वाटते की दोष बराचसा नंबराचा असावा. वय चाळीस-एकेचाळीस. मराठीत जवळच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात ते उगाच नाही. या वयात डोळ्याचे भिंग ताठर होऊ लागते, जवळचे दिसण्यासाठी डोळ्याचे स्नायू जास्त ताणावे लागतात. त्यात अपुरा उजेड, लुकलुकणारी चित्रे आणि झोपेचे खोबरे. पापण्या न मिटता एकटक पाहत राहिले तर बुबुळाचा पृष्ठभाग कोरडा पडून नजर आणखी धूसर होते, हे हल्ली मोबाइलमुळे घरोघरी माहीत झाले आहे. निदान काहीही असो, माणूस हादरायला हवा होता. फाळक्यांनी मात्र बरे होताच बारा हजारांची विमा पॉलिसी गहाण टाकली, दहा हजारांचे कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट धरली.

लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना आधी परावृत्त करण्याचा प्रयत्न केला आणि ते ऐकत नाहीत म्हटल्यावर वॉल्टनला सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. ही भेट योगायोगाची खरी, पण फिल्म धुण्याच्या दृष्टीने याहून योग्य माणूस मिळाला नसता.

सिनेमाच्या सुरुवातीच्या काळात फिल्म धुण्याची पद्धत अगदी हातघाईची होती. पट्टी लाकडी चौकटीवर सूत गुंडाळावे तशी गुंडाळायची आणि चौकट टाक्यांत बुडवायची, एकीतून दुसरीत. मग मोठ्या लाकडी पिंपावर फिल्म चढवून ते पिंप हाताने फिरवत वाळवायची. एका चौकटीवर दीडशे-दोनशे फूट फार झाले. प्रत्येक चौकट डेव्हलपरमध्ये किती वेळ राहिली, यावर चित्र किती काळे येणार हे ठरे. साहजिकच एकाच प्रसंगाचा अर्धा भाग उजळ आणि अर्धा काळपट, असे होई. हेपवर्थ यांनी १८९८ मध्ये यावर यंत्र काढून त्याचे पेटंट घेतले. दातेरी चाकांवरून फिल्म सलग सरकत राही आणि एकापाठोपाठ मांडलेल्या टाक्यांतून धुऊन बाहेर पडे. प्रत्येक फुटाला सारखाच वेळ, सारखेच रसायन. पुढे कितीतरी वर्षांनी, १९५६ मध्ये, कोडॅकने एक्स-रे फिल्मसाठी रुळांवर चालणारे स्वयंचलित यंत्र आणले, त्याचे मूळ तत्त्व हेच. त्या यंत्राने कोरडी फिल्म सहा मिनिटांत कोरडी होऊन हातात येऊ लागली आणि रुग्णालयातला तो ओल्या फिल्मचा जमाना हळूहळू संपला.

हेपवर्थ यांनी फाळक्यांना आपला स्टुडिओ मोकळेपणाने दाखवला. फाळक्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कोरी फिल्म आणि छिद्रे पाडायचे यंत्र मागवले आणि १ एप्रिलला ते परत आले. हा विल्यमसनही मूळचा औषधविक्रेता. इंग्लंडात होव्ह गावी त्याचे औषधांचे दुकान होते. फोटोग्राफीची रसायने त्या काळी औषधांच्याच दुकानात मिळत, तेव्हा हा प्रवास तसा स्वाभाविक.

इथून पुढची गोष्ट दादरच्या घराची, आणि ती निम्मी सरस्वतीबाईंची आहे. कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रे नसत. ती घरी पाडावी लागत. तीही अंधारात, नाहीतर फिल्मला उजेड लागायचा. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. एका फुटात सोळा चित्रे, प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना मिळून आठ छिद्रे. म्हणजे एका प्रतीला सुमारे ४ लाख ७३ हजार छिद्रे. निगेटिव्हला तेवढीच वेगळी. वाया गेलेली फिल्म यात धरलेली नाही. सरस्वतीबाई दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत आणि रात्री फिल्मला छिद्रे पाडायला आणि रसायने कालवायला बसत. तारामतीची भूमिका करण्याबद्दल त्यांना विचारले होते, त्यांनी नकार दिला. एवढ्या कामांत ती कुठे बसवायची?

आधी त्यांनी एक लहान फिल्म करून पाहिली, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याचे एकेक चित्र घेतले. पडद्यावर मिनिटभरात बी रुजून वेल वर चढला. ती पाहून कर्ज देणारे पुढे आले. तरी पैसे पुरले नाहीत, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

अंधारखोलीत नेमके काय घडते, तेही सांगायला हवे. फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षाराचे कण असतात. जिथे उजेड पडला तिथले कण डेव्हलपरमध्ये काळ्या चांदीत बदलतात. उरलेले कण हायपोत विरघळतात. शेवटच्या पाण्याचे काम हायपो काढून टाकण्याचे. ते घाईने उरकले तर चित्र त्या दिवशी उत्तम दिसते आणि काही वर्षांनी पिवळे पडून विटते. मुंबईत आणखी एक अडचण उन्हाळ्याची. पाणी कोमट असले की जिलेटिन फुगते, मऊ पडते आणि बोट लागले तरी सोलून येते. म्हणून गरम हवेच्या प्रदेशात बर्फ वापरत किंवा तुरटीने थर घट्ट करून घेत.

ही रसायने त्वचेला मानवणारी नव्हेत. डेव्हलपरमध्ये मेटॉल असे. ते रोज हाताला लागले की काहींच्या बोटांना खाज, चिरा आणि इसब होते. एकदा ॲलर्जी जडली की पुढे थेंबभरही चालत नाही. हायड्रोक्विनोनच्या भुकटीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या बुबुळावर तपकिरी डाग येतात, असे नंतर त्याच्या कारखान्यांत आढळले. हायपो मात्र त्या मानाने गरीब. सायनाइडची विषबाधा झालेल्या रुग्णाला शिरेतून देतात ते सोडियम थायोसल्फेट म्हणजे हेच. आणि ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म तर घरात ठेवायच्या लायकीचीच नव्हे. १९२९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठवलेल्या एक्स-रे फिल्म पेटल्या आणि १२३ माणसे मेली, बहुतेक सगळी विषारी धुराने. तीच नायट्रेट फिल्म दादरच्या बिऱ्हाडात मुलाबाळांत रोज हाताळली जात होती.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा झाला. कॅमेऱ्यामागे फाळक्यांनी शिकवून तयार केलेले त्र्यंबक तेलंग, रोहिताश्वाच्या भूमिकेत मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लागला आणि गर्दी लोटली. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तिथे काम करण्याची बोलणी आली होती, ते परतले. मग महायुद्ध, कोऱ्या फिल्मची टंचाई, पुन्हा कर्ज. १९१७ च्या ‘लंकादहन’ने हात दिला. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, वर्षभरात भागीदारांशी बिनसले, फाळके काशीला जाऊन राहिले, नाटक लिहिले आणि पुन्हा परतले. माणूस भागीदारीसाठी बनलेला नव्हता, एवढेच म्हणता येईल.

बोलपट आल्यावर त्यांचे दिवस ओसरले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. सुमारे पंचवीस वर्षांत त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट केले. त्यांतले बहुतेक नायट्रेट फिल्मबरोबर नष्ट झाले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे आहेत, ती १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. त्याच वर्षीच्या ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटाचा काही भागही उरला आहे. त्यात दादासाहेब स्वतः फिल्मची पट्टी हाताळताना दिसतात.