पाळक मार्टिन नीमोलर
ज्यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों, ते मार्टिन नीमोलर १८९२ सालीं जर्मनींत एका पाळकाच्या घरीं जन्मले. पहिल्या महायुद्धांत ते पाणबुडीवर अधिकारी होते. पुढें बर्लिन येथें पाळक झाले. आरंभीं ते हिटलरास अनुकूल होते. परंतु तो मंडळीवर सत्ता गाजवूं लागतांच त्यांनीं विरोध केला, व १९३७ पासून १९४५ पर्यंत बंदिवास सोसला.

जर्मनीचा पराभव होऊन चार जेत्यांनीं तो देश वांटून घेतला. तेव्हां ऑक्टोबर १९४५ मध्यें श्टुटगार्ट येथें परदेशच्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींपुढें, राष्ट्राच्या अपराधांत आपलाही वांटा आहे असें त्यांनीं व सहकाऱ्यांनीं कबूल केलें. पुष्कळ देशबांधव रागावले. पुढें रशिया व अमेरिका परस्परांचे वैरी झाले. तरी जर्मनीनें पुन्हा शस्त्र धरूं नये, असें ते सांगत राहिले. १९८४ सालीं ते वारले.

ज्यानें तुरुंग भोगला, त्यानेंच दोष पदरीं घेतला. गांवच्या तंट्यांत आम्हींही प्रथम आपलाच दोष पाहावा.