अण्णाभाऊंनी पाहिलेली माणसे

मारुंजीत उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत बांधकाम मजूर राहतात. इमारत पूर्ण झाली की खोल्या मोडतात आणि माणसे पुढच्या साइटवर जातात. घर घेणाऱ्याला त्यांची नावे कधीच कळत नाहीत. शहरातल्या अशाच माणसांना मराठी साहित्यात मानाची जागा देणारे लेखक म्हणजे साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगावचा, मातंग समाजात. मूळ नाव तुकाराम. जातिभेदामुळे शाळा जेमतेम दीड दिवसाची. पुढे कुटुंबासह ते पायी मुंबईला आले. कोळसा वाहिला, हमाली केली, गिरणीत राबले. अक्षरओळख त्यांनी स्वतःच्या जिद्दीने मिळवली.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाचे लोकनाट्य केले आणि कामगारांचे प्रश्न रंगमंचावर आणले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून त्यांनी भोवतालची माणसे कथांत उतरवली.

‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा दगडाच्या खाणीत कामाला असतो. खाण बंद पडते, घरात चूल पेटेना होते. मग तो प्रेतांवरचे सोने शोधू लागतो. शेवटी त्यातच त्याची बोटे जातात आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. अण्णाभाऊ भीमाला चोर ठरवत नाहीत. काम गेल्यावर कष्टकऱ्याचे काय होते, ते दाखवतात.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. जगाचा भार कोणाच्या हातांवर आहे, हे त्यांनी तिथे ठणकावून सांगितले. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. तिला राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. तरीही अखेरची वर्षे हलाखीतच गेली. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आज त्यांच्या जयंतीला चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवर नेत्यांची नावे असतात. तो बांधायला बांबूवर चढलेल्या पोराचे नाव मात्र कोणी विचारत नाही. अण्णाभाऊंनी आधी तेच विचारले असते. यंदाच्या जयंतीला आपण ते विचारूया.

साहित्यरत्नास विनम्र अभिवादन!