पळून आलेल्या मातेच्या पाठीशी : सुसान अँथनी

अमेरिकेतील स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्याशी सुसान बी. अँथनी यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. मात्र पतीच्या छळातून निसटलेल्या एका मातेला आश्रय देताना त्यांनी दाखविलेले धैर्य फारसे परिचित नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅडम्स येथे १५ फेब्रुवारी १८२० रोजी क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. काही वर्षे शिक्षिकेची नोकरी केल्यावर त्या दारूबंदी आणि गुलामगिरीविरोधी चळवळीत उतरल्या. पुढे त्यांच्याच प्रयत्नांमुळे १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क आणि मुलांच्या पालकत्वात वाटा देणारा कायदा झाला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑल्बनी येथे एक स्त्री त्यांच्याकडे आली. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळातील एका वजनदार सदस्याची ती पत्नी. परस्त्रीसंबंधांचा जाब विचारताच पतीने तिला जिन्यावरून ढकलले आणि पुढे वेड्यांच्या इस्पितळात डांबले. तेथून सुटल्यावरही कायद्याने मुलांचा ताबा पित्याकडेच होता. अखेर मुलीला घेऊन ती पळाली.

नाताळच्या दिवशी अँथनी या मायलेकींना घेऊन न्यूयॉर्कला पोहोचल्या. सोबत पुरुष नाही म्हणून हॉटेले खोली देईनात. दुसऱ्या दिवशी बरीच वणवण केल्यावर समाजसेविका अ‍ॅबी हॉपर गिबन्स यांनी त्यांना आसरा दिला.

विल्यम लॉइड गॅरिसन व वेंडेल फिलिप्स हे गुलामगिरीविरोधी लढ्यातील त्यांचे आदरणीय नेते. या प्रकरणाने चळवळ बदनाम होईल, मुलगी परत करावी, असा त्यांनी आग्रह धरला. पळालेल्या गुलामाला लपविताना आपण कायदा मोडतोच, मग छळलेल्या मातेसाठी तो का मोडू नये, हा अँथनींचा युक्तिवाद होता. त्यांनी ठावठिकाणा सांगितला नाही. पुढे मात्र पित्याने मुलीला वाटेत गाठून पळवून नेले. १८६२ मध्ये पालकत्वाची तरतूदही रद्द झाली.

या अपयशाने त्या खचल्या नाहीत. १८७२ मध्ये मतदान केल्याबद्दल त्यांना अटक झाली. शंभर डॉलरचा दंड त्यांनी अखेरपर्यंत भरला नाही. १३ मार्च १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. १९२० मध्ये अमेरिकी घटनेने लिंगाच्या आधारे मताधिकार नाकारण्यास बंदी घातली.

पतीच्या अर्जावर जिचा परदेशातील आश्रय अवलंबून असतो, अशा स्त्रीपुढे आजही छळ सोसावा की निवारा गमवावा, हाच पेच असतो. म्हणूनच अँथनींनी विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही.