थोरले माधवराव पेशवे : नऊ कलमांचे मृत्युपत्र

पुण्यनगरीच्या शनिवार पेठेत शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आजही दिमाखाने उभा आहे. वाड्यात शिरणाऱ्याला प्रथम आठवतो तो नारायणरावांचा वध. परंतु त्या दुर्दैवी प्रसंगाच्या अकरा महिने आधी, घरातील कलह मिटावा म्हणून एका मरणोन्मुख पुरुषाने केलेली व्यवस्था फारशी कोणाच्या स्मरणात नाही. तो पुरुष म्हणजे श्रीमंत थोरले माधवराव पेशवे.

माधवरावांचा जन्म १७४५ चा. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर वडीलबंधू विश्वासराव व चुलते सदाशिवरावभाऊ पडले. त्याच वर्षी जून महिन्यात पिताजी नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला. वयाच्या सोळाव्या वर्षी माधवरावांकडे पेशवाईची वस्त्रे आली आणि त्यांबरोबर कर्जाचा डोंगरही आला. वारसा म्हणजे केवळ संपत्ती नव्हे, देणेही असते, हे त्यांना पहिल्या दिवसापासून उमगले होते.

दुसरा वारसा होता भाऊबंदकीचा. चुलते रघुनाथराव यांना सत्ता हवी होती. गृहकलहाने राज्य बुडू नये म्हणून १७६२ मध्ये आळेगाव येथे तरुण पेशवे स्वतः होऊन काकांच्या स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला आणि माधवरावांचे कर्तृत्व सर्वांना दिसले. तरीही राज्याच्या वाटणीची मागणी थांबली नाही. अखेर १७६८ मध्ये धोडप येथे काकांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवणे भाग पडले.

हैदरअलीवरील मोहिमा, उत्तरेत मराठी सत्तेची पुनःस्थापना आणि रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारख्या निःस्पृह न्यायाधीशाचा सन्मान ही त्यांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीची ठळक कामे. परंतु राजयक्ष्म्याने शरीर पोखरले होते. पोटी संतान नव्हते. थेऊर येथे श्रीचिंतामणीच्या सान्निध्यात ते अखेरचे दिवस कंठीत होते. तेथेच सप्टेंबर १७७२ च्या अखेरीस त्यांनी नऊ कलमांची यादी करविली.

त्या यादीत कर्जफेडीला अग्रस्थान होते. सर्व देणे फेडावे आणि जरूर पडल्यास खासगी खजिन्यातूनही द्यावे, अशी आज्ञा होती. रयतेला जाचक ठरणारी महसुलाची पद्धत सुधारावी, मातोश्री गोपिकाबाईंच्या काशीयात्रेची तरतूद व्हावी, काशी व प्रयाग ही क्षेत्रे स्वराज्यात आणावीत आणि रघुनाथरावांना पाच लाखांची जहागीर द्यावी, असेही त्यात होते. ज्यांनी आयुष्यभर त्रास दिला त्या चुलत्यांनाही त्यांनी वगळले नाही. उलट धाकटे बंधू नारायणराव यांना काकांच्या हाती सोपवून सलोख्याने वागण्याची शपथ घेवविली. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यातच नारायणरावांचा वध केला. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांचे संरक्षण बारभाईंनी केले. रघुनाथराव मात्र इंग्रजांच्या आश्रयास गेले. त्यातून उद्भवलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले.

मग मृत्युपत्र व्यर्थ गेले काय? देणे आधी, दान आणि वाटा नंतर, हा त्यातील क्रम आजही प्रत्येक कुटुंबाने गिरवावा असाच आहे. उणीव राहिली ती एकाच जागी. वारसाच्या जाण्याने ज्याचा लाभ होणार, त्याच्याच हाती वारसाचा हात दिला गेला आणि जामीन होती ती केवळ शपथ. आपल्या माणसांवरील विश्वासापोटी घडलेली ही चूक आजही घरोघरी घडते. आजच्या कायद्यात मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागतात आणि व्यवस्थापकही नेमता येतो. परंतु व्यवस्थापक वा विश्वस्त म्हणून कोणाला निवडावे, हे कायदा सांगत नाही. ते ज्याचे त्यानेच, प्रकृती ठणठणीत असताना, ठरवावयाचे असते. वारसांच्या हिताशी ज्याचा स्वार्थ आडवा येत नाही असा निःस्पृह मनुष्य शोधणे, हीच थेऊरच्या त्या नऊ कलमांना जोडावयाची दहावी ओळ होय.