आकाशवाणीचे केसकर आणि नव्या गाण्याचा वाटा

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचे नाव आज निघते ते बहुधा थट्टेने. आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना हद्दपार करू पाहणारा आणि त्यापायी सबंध देशाचे कान सिलोनकडे वळविणारा मंत्री, एवढीच त्यांची ओळख लोकस्मृतीत उरली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. नभोवाणीच्या वेळापत्रकात चित्रपटाबाहेरच्या नव्या, आपल्या मातीतल्या संगीताला जागा कोणी द्यायची आणि त्या जागेची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. तो सत्तेच्या बळावर सोडवू पाहणारा हा बहुधा एकमेव मंत्री. त्यांना यश कोठे आले आणि त्यांची फसगत कोठे झाली, हे नीट पाहिले तर थट्टेचा सूर थोडा उतरेल.

केसकरांचा जन्म १९०३ साली पुण्यात झाला. घडण मात्र महाराष्ट्राबाहेरची. असहकाराच्या लाटेत सरकारी विद्यालयांकडे पाठ फिरविणाऱ्या पिढीतले ते एक. काशी विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले आणि पुढे पॅरिसला जाऊन सोरबोनची डॉक्टरेट मिळविली. काँग्रेसचे सरचिटणीस, स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र खात्याचे उपमंत्री, आणि १९५२ पासून सलग दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्री, असा त्यांचा राजकीय प्रवास. लोकसभेत ते गेले तेही उत्तर प्रदेशातून. पण त्यांच्या पुढच्या निर्णयांचा उगम शोधायचा तर तो पक्षकार्यात सापडणार नाही. काशीच्या वास्तव्यात त्यांनी ध्रुपदाची तालीम घेतली होती. देशाच्या सर्वांत मोठ्या ध्वनिक्षेपकाच्या किल्ल्या अशा माणसाच्या हाती गेल्या, की ज्याचा कान आधीच एका बाजूला लागलेला होता.

खाते हाती आले तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्यावयास हवी. संस्थाने विलीन झाली होती आणि त्यांच्याबरोबर दरबारी गवयांचा तनखाही गेला होता. मैफलींना तिकीट काढून येणारा मध्यमवर्ग मुंबई-पुणे-कोल्हापुरात होता, इतरत्र तो विरळच. संगीताला नवा यजमान हवा होता आणि तो नभोवाणीच होऊ शकते, हे केसकरांनी अचूक ओळखले. जुलै १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री देशभरची केंद्रे एकाच गायकाला किंवा वादकाला वाव देऊ लागली. पंडित रविशंकरांच्या देखरेखीखाली वाद्यवृंद उभा राहिला. १९५४ पासून आकाशवाणीची संगीत संमेलने भरू लागली. कलावंतांची चाचणी घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत आली आणि या कामी श्रीकृष्ण रातंजनकरांसारखा विद्वान पुढे करण्यात आला. या चाचण्यांनी मोठा गहजब झाला. ज्यांनी हयात स्वरांत घालविली त्यांनी समितीपुढे परीक्षार्थी म्हणून बसावे, हे अनेकांना अपमानास्पद वाटले आणि ते वाटणे अगदीच गैर नव्हते. परंतु ठरलेल्या दराने बिदागी आणि ठरलेल्या तारखेला कार्यक्रम, हे शेकडो सामान्य कलावंतांना प्रथमच मिळाले ते याच व्यवस्थेतून.

वाद पेटला तो चित्रपटगीतांवरून. ही गीते सवंग होत चालली आहेत, पाश्चात्त्य ठेक्यांच्या आहारी गेली आहेत, असे केसकरांचे ठाम मत होते. त्यांनी या गीतांचा वाटा आखडला, निवड कडक केली आणि गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, असे ठरवून ते नाव गाळले. निर्मात्यांच्या दृष्टीने हे नावच खरा मोबदला होता. त्यांनी करार मोडले, आणि काही काळ आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळपास नाहीसे झाले.

येथे सत्तेचा एक हिशेब चुकला. आकाशवाणीची मक्तेदारी कायद्याने होती, पण लघुलहरींना सीमा कळत नाहीत. महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेला एक शक्तिशाली क्षेपक कोलंबोत होता आणि सिलोनच्या नभोवाणीने तो व्यापाराला जुंपला होता. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून बिनाका गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी रात्री अमीन सायानींच्या आवाजाभोवती गावोगावची घरे, उपाहारगृहे आणि पानपट्ट्या गोळा होऊ लागल्या. सरकारने बंद केलेले दुकान एका दंतमंजनाच्या कंपनीने शेजारच्या बेटावर थाटले. बंदीने मागणी मरत नाही, ती फक्त पत्ता बदलते.

एवढ्यावर कथा संपविण्याची रीत आहे. पण या दहा वर्षांच्या जमाखर्चाची दुसरी बाजू त्यामुळे झाकली जाते. चित्रपटगीत काढून टाकल्यावर रिकाम्या झालेल्या वेळेत काय वाजवायचे, हा व्यवहारी प्रश्न केंद्रांपुढे उभा राहिला. त्यातून ठिकठिकाणी सुगम संगीताचे विभाग सुरू झाले. कवींकडून शब्द मागवावेत, संगीतकाराकडून चाल बांधून घ्यावी, स्थानिक गायकांकडून गाणे बसवून घ्यावे आणि या सर्वांना मानधन द्यावे, अशी ही रचना होती. बाजारात जिला अजून गिऱ्हाईक नाही अशी वस्तू तयार करण्याचा खर्च सार्वजनिक संस्थेने उचलला, असे अर्थशास्त्राच्या भाषेत म्हणता येईल.

या रचनेचे सर्वांत गोमटे फळ महाराष्ट्राच्या पदरात पडले. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तेथील सीताकांत लाड यांनी आपले मित्र ग. दि. माडगूळकर यांना वर्षभर चालेल अशा गीतमालिकेची गळ घातली. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला गीतरामायणाचा आरंभ झाला आणि १९ एप्रिल १९५६ पर्यंत, आठवड्याला एक या हिशेबाने, छप्पन्न गीते प्रसारित झाली. चाली सुधीर फडक्यांच्या. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके अशा अनेकांचे कंठ त्यात लागले. आठवड्याला नवे गाणे देणे म्हणजे काय असते, याची कल्पना करून पाहावी. शब्द हाती यायचे, चाल लागायची, तालीम व्हायची आणि ठरल्या वेळी गाणे हवेत जायचे. असा घाण्याचा बैल कोणत्याही ध्वनिमुद्रिका कंपनीने पोसला नसता, कारण पहिल्या गीताच्या वेळी छप्पन्नाव्या गीताला श्रोता मिळेल याची हमी कोणीच देऊ शकत नव्हते.

गीतरामायणाचे श्रेय केसकरांचे नव्हे. ते लाड, माडगूळकर आणि फडके यांचे आहे. पण ते गाणे ज्या मोकळ्या वेळात रुजले तो वेळ केसकरांच्या धोरणाने मोकळा केलेला होता, हे नाकारता येत नाही. गंमत अशी की माडगूळकर आणि फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीत नाव कमावलेले. चित्रपटातील गाणे हीन आणि बाहेरचे थोर, ही मंत्र्यांनी घातलेली भिंत याच दोघांनी सहज ओलांडून दाखविली. प्रश्न प्रतिभेच्या जातीचा नव्हताच. तिला चित्रपटाच्या प्रसंगाबाहेर काही करून पाहण्याची संधी आणि बिदागी मिळते की नाही, एवढाच होता. पुढे मुंबई केंद्रावर यशवंत देव, श्रीनिवास खळे, मंगेश पाडगावकर, अरुण दाते अशा मंडळींच्या हातून जे भावगीत बहरले, त्याचीही जमीन तीच.

केसकरांची चूक वेगळ्या ठिकाणी होती, आणि ती समजून घेण्यास पुणतांब्याची आठवण उपयोगी पडेल. नगर जिल्ह्यातील, आताच्या अहिल्यानगरातील, गोदावरीकाठचे हे गाव चांगदेवांच्या समाधीसाठी प्रसिद्ध. ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास बसलेल्या चांगदेवांपुढे पेच पडला, की वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार. मायना सुचेना, म्हणून पत्र कोरेच गेले. केसकरांना असा पेच पडलाच नाही. श्रोता हा शिष्य, आणि आपण त्याचे गुरू, हा मायना त्यांनी बेलाशक लिहून टाकला. क्रिकेटच्या धावत्या वर्णनालाही त्यांचा विरोध होता. संगीताच्या ऱ्हासाचा दोष मुसलमान राज्यकर्त्यांवर आणि उस्तादांवर टाकणारी त्यांची मांडणी तर सरळसरळ अन्यायाची होती. ज्या घराण्यांनी ख्याल जिवंत ठेवला त्यांच्याविषयी असे बोलणे ध्रुपदाच्या विद्यार्थ्याला शोभणारे नव्हते. पेटीला ब्रिटिश अमदानीत झालेली मनाईही त्यांनी उठविली नाही.

माघार त्यांच्याच कारकीर्दीत घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीत समारंभाने परत आले. १९६२ साली केसकरांचे मंत्रिपद गेले. पुढे ते नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष झाले. भारतीय संगीतापुढील समस्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६७ साली मुंबईहून प्रसिद्ध झाले, आणि नेमक्या त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात विविध भारतीवर व्यापारी जाहिराती वाजू लागल्या. २८ ऑगस्ट १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात दुसरा मायना लिहिला गेला. श्रोता शिष्य नाही, गिऱ्हाईक आहे. किंबहुना गिऱ्हाईकही नाही, जाहिरातदाराला विकावयाचा माल आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निवाडा दिला. २००१ पासून खासगी एफएम केंद्रे सुरू झाली. लिलावात मोठी बोली लावून परवाना घेतलेल्या केंद्राचा हिशेब सोपा असतो: अनोळखी गाणे लागले की श्रोता केंद्र बदलतो, आणि चित्रपटगीताची ओळख करून देण्याचा खर्च निर्मात्याने आधीच केलेला असतो. नवे स्वतंत्र गाणे आवडण्यासाठी ते चार-पाच वेळा कानावर पडावे लागते. त्या पहिल्या चार वेळांचा तोटा कोणी सोसायचा? खासगी केंद्र सोसत नाही. म्हणून मराठी मुलखाच्या राजधानीतही मुख्य खासगी केंद्रांवर हिंदी चित्रपटगीतांचाच रतीब असतो. मराठी वाजलेच तर बहुधा चित्रपटातले.

यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. पण बाजाराचा स्वभाव ओळखून उपाय करणारे देश आहेत. कॅनडाने १९७१ साली केंद्रांवरील संगीताचा ३० टक्के भाग कॅनडाचा असावा असा नियम केला. फ्रान्सने १९९४ च्या कायद्याने गाण्यांपैकी ४० टक्के फ्रेंच असावीत आणि त्यांतही नव्या कलावंतांना हिस्सा असावा असे ठरविले. २०१६ साली हे प्रमाण काहीसे सैल झाले, तत्त्व टिकले. या देशांनी परके किंवा लोकप्रिय गाणे बंद केले नाही. त्याच्या शेजारी नव्याला खुर्ची ठेवली. केसकरांनी पहिल्याला उठवून दुसऱ्याला बसविले होते. धोरणातील हा फरक लहान दिसतो, पण सिलोनचे दुकान चालते की नाही ते त्याच्यावर ठरते.

पुणतांब्याचेच आणखी एक उदाहरण आहे. २०१७ च्या १ जूनला शेतकऱ्यांच्या संपाची ठिणगी याच गावातून पडली. दूध आणि भाजीपाला शहरात गेला नाही, तशी शहरे जागी झाली, आणि महिना संपण्यापूर्वी सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. पन्नासच्या दशकात चित्रपट निर्मात्यांनी आकाशवाणीवर चालविलेले हत्यारही हेच होते. ज्याच्या मालावाचून दुसऱ्याचे अडते, त्यालाच संप करता येतो. गोदाकाठच्या एखाद्या गावातील तरुणाने स्वतःच्या शब्दांना चाल लावली आणि उद्या ती अडवून धरली, तर मुंबई-पुण्याच्या कोणत्याही केंद्राला त्याची खबरही लागणार नाही. त्याच्यापाशी अडवून धरण्यासारखे काही नाही, म्हणून त्याचा वाटा नियमानेच ठेवावा लागतो. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी सामुदायिक केंद्रे असे काही करतात, पण त्यांचा आवाज काही किलोमीटरांपलीकडे पोचत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. परवाना शुल्क ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के ठरले, आणि मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल असे सांगण्यात आले. ही चालना केवळ अपेक्षा म्हणून सोडावी की करारातील कलम म्हणून लिहावी, हे ठरविण्याची वेळ परवाने देतानाचीच असते. दिवसातून अर्धा तास, तोही मध्यरात्री नव्हे तर लोक ऐकतात त्या वेळी, जिल्ह्यातील नव्या गाण्यासाठी. आणि एवढे पाळणाऱ्या केंद्राला त्या ४ टक्क्यांत थोडी सूट. गीतरामायणाला आठवड्यातून एका गीतापुरताच वेळ मिळाला होता.