फादर स्टीफन्स : साष्टीच्या देवळात ओवी आणणारा धर्मगुरू

एचएसआर लेआउट (बेंगळुरू) : होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या मध्ये वसलेल्या या उपनगरातून म्हैसूरच्या रस्त्याला लागले, की सव्वाशे किलोमीटरच्या आसपास श्रीरंगपट्टण येते. टिपू सुलतानाच्या कारकिर्दीत, 1784 साली, कॅनरा किनाऱ्यावरील हजारो ख्रिस्ती कुटुंबे बंदी करून तेथे आणली गेली. टिपूच्या पाडावापर्यंत, म्हणजे 1799 पर्यंत, त्यांतील जे जगले ते बहुतेक काळ धर्मगुरूंविना जगले. या काळात त्यांना एका जुन्या मराठी ग्रंथाचा आधार होता, असे मंगळूरकडील परंपरा सांगते. त्या ग्रंथाचा कर्ता तेव्हा मृत्यू पावून पावणेदोनशे वर्षे होत आली होती आणि तो जन्माने इंग्रज होता.

मराठी वाचकाला फादर स्टीफन्स माहीत असतात ते मराठी भाषेच्या स्तुतीमुळे. पाठ्यपुस्तकातील त्या चार-सहा ओव्यांपलीकडे आपण सहसा जात नाही. त्या ओव्या लिहिणारा माणूस आधी गावोगावचा पाद्री होता, आणि ख्रिस्तपुराण हे मुळात त्याच्या रविवारच्या कामातून उगवलेले पुस्तक आहे, ही गोष्ट त्यामुळे मागे पडते.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात 1549 च्या सुमारास झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक पंथाचे आचरण धोक्याचे झाले होते. थॉमस पाउंड या त्यांच्या स्नेह्याला कैद झाली. स्टीफन्स रोमला निसटले आणि 1575 मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज 24 ऑक्टोबरला गोव्यास लागले. त्या प्रवासाचे वर्णन करणारे वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले आणि पूर्वेकडे येऊ पाहणाऱ्या व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचले.

पुढची चाळीस वर्षे बहुतांशी साष्टीत गेली. ही साष्टी शांत नव्हती. 1567 च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती. कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा भक्तांनी खाडीपलीकडे फोंड्यास नेली, ती त्याच उत्पातात. जुन्या पोथ्या बाळगणे गुन्हा ठरले. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले, आणि त्याची जबर किंमत त्या गावाला मोजावी लागली. स्टीफन्स याच सत्तेच्या छायेत काम करीत होते, हे झाकण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी भाऊ रिचर्ड याला पत्र लिहिले. त्यात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे निरीक्षण आहे. भाषाशास्त्राचे अभ्यासक विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षे आधीचा हा शेरा आजही कौतुकाने उद्धृत करतात.

धर्मगुरू म्हणून त्यांच्यापुढील अडचण मात्र वेगळी होती. बाप्तिस्मा घेतलेली माणसे रविवारी दुपारी येत, प्रश्नोत्तरांची शिकवण पाठ करीत आणि घरी जात. रामकथा, कृष्णकथा, रात्र रात्र चालणारे पुराणश्रवण त्यांच्याकडून हिरावले गेले होते आणि त्या जागी काहीच आले नव्हते. पुराणाच्या आरंभी हाच प्रसंग येतो. साष्टीतील देवळात मुलांना शिकवण चाललेली असताना एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की तुम्ही पूर्वीची पुराणे वर्जिली, तर आमच्यासाठी तशी दुसरी का केली नाहीत? या प्रश्नात आर्जव आहे तशी तक्रारही आहे, आणि ती तक्रार लेखकाने ग्रंथाच्या दारातच ठेवली, ही त्याची मोठी प्रामाणिक कृती म्हणावी लागेल.

उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्या झाल्या. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. छंद ज्ञानेश्वरांचा आणि स्टीफन्स यांचे समकालीन असलेल्या एकनाथांचा. स्वर्गाला येथे वैकुंठ हा शब्द आहे. श्रोते मध्येच शंका काढतात, पाद्री थांबून उत्तर देतो, मग कथा पुढे सरकते. पुराणिकासमोर बसण्याची सवय असलेल्या समाजाला ही रीत शिकवावी लागली नाही. बोलण्याची भाषा कोकणी, तर पोथीची मराठी, हा गोव्यातील भेदही त्यांनी नेमका पाळला. प्रश्नोत्तरांचे पुस्तक आणि व्याकरण कोकणीचे, पुराण मराठीत.

हे पुराण देवनागरीत छापावे, अशी त्यांची इच्छा होती. तिच्यासाठी त्यांनी 1608 मध्ये रोमला, संघाच्या प्रमुखांना लिहिले. ते घडले नाही. 1616 साली रायतूरच्या छापखान्यातून ग्रंथ निघाला तो रोमन लिपीत. तीन वर्षांनी, 1619 मध्ये, स्टीफन्स गोव्यात निवर्तले. त्यांचे कोकणी व्याकरण 1640 मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे छापले गेलेले ते पहिले व्याकरण मानतात.

ग्रंथाच्या 1649 आणि 1654 मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. नंतर वारा फिरला. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला. ज्या सत्तेसोबत स्टीफन्स आले होते, तिनेच त्यांच्या आयुष्यभराच्या मेहनतीखालची जमीन काढून घेतली. छापील आवृत्त्यांची आज एकही प्रत ज्ञात नाही. पुराण वाचले ते गोव्याबाहेर, दक्षिणेकडे स्थलांतर केलेल्या कुटुंबांच्या हस्तलिखितांतून. उपवासकाळात घरोघर ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे अवस्वरू म्हटले जात. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना त्यातील मराठी पुरती उमगतही नसावी, तरी ताल आणि कथा त्यांची होती. श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात आधार झाला तो हाच पाठांतराचा ठेवा. प्रवचन देणारा कोणी नसताना दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी रचलेले प्रवचन लोकांनी एकमेकांना म्हणून दाखवले.

अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरहून ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. पुढे महाराष्ट्रातील संतचरित्रे इंग्रजीत नेणारे मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमधील मार्सडेन संग्रहात या पुराणाची देवनागरी पोथी आढळली. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती 1956 मध्ये निघाली. स्टीफन्स यांनी रोमकडे मागितलेली लिपी त्यांच्या ओव्यांना छापील पानावर मिळाली ती तेव्हा, 348 वर्षांनी.