खाशाबांचे मोठेपण कोणत्या मापाने मोजायचे?

लोटे (जि. रत्नागिरी) : सार्वकालिक श्रेष्ठ कोण, हा वाद मुष्टियुद्धात जितका रंगतो तितका अन्य खेळांत क्वचितच रंगत असेल. महंमद अली आपल्या ६१ व्यावसायिक लढतींपैकी ५ हरले. फ्लॉइड मेवेदर यांनी २०१७ पर्यंत ५० लढती एकही पराभव न पत्करता जिंकल्या, तर मॅनी पॅकियाओ यांनी आठ वजनगटांत जगज्जेतेपद मिळवले. तरीही अनेक जाणकार अलींचेच नाव आधी घेतात. लिस्टन, फ्रेझियर आणि फोरमन यांच्यासारखे प्रतिस्पर्धी त्यांच्यासमोर उभे होते, हे त्याचे कारण. म्हणजेच केवळ विजयांची बेरीज पुरेशी नसते. समोर कोण होते, परिस्थिती काय होती आणि खेळाडूने मागे काय ठेवले, हेही पाहावे लागते.

हीच कसोटी महाराष्ट्राच्या एका मल्लाला लावून पाहण्याजोगी आहे. लोट्याहून परशुराम घाट उतरून चिपळूण आणि तेथून कुंभार्ली घाट चढून पाटणमार्गे पुढे गेले की कराड लागते. कराडला लागूनच असलेल्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल असल्याने कुस्तीचे बाळकडू घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण, गावोगावच्या जत्रांतील फड आणि तालमीतील लाल माती यांत त्यांची जडणघडण झाली. अंगकाठी लहान, पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूरच्या महाराजांनी आर्थिक साह्य केल्याने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जाता आले. मातीत घडलेल्या या मल्लाला तेथे गादीवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लढायचे होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक पटकावला. त्या वेळी हे यश फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. खाशाबांनी मात्र त्यातून पुढील चार वर्षांच्या तयारीचा धडा घेतला आणि ते वरच्या, ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट अधिक खडतर ठरली. निवड चाचणीतील निकाल अन्यायकारक वाटल्याने त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा लढून आपली योग्यता सिद्ध केली. त्यानंतर प्रश्न उरला तो खर्चाचा. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी आणि स्नेह्यांनी आपापल्या परीने भर घातली. देशाचा प्रतिनिधी लोकवर्गणीतून परदेशी रवाना झाला.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना नमवले. त्यांचे पराभव झाले ते दोनच : जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून. इशीने सुवर्णपदक जिंकले, मामेदबेकोव्हने रौप्य. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक इशीचेच होते. दोन कुस्त्यांमध्ये नियमानुसार मिळावयाची विश्रांती खाशाबांना मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडण्यासाठी भारतीय पदाधिकारी तेथे हजर नव्हता, अशी नोंद त्यांच्या चरित्रलेखकांनी केली आहे. तरीही त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

कराडमध्ये शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. गुलाल खाली बसताच खाशाबांनी पहिली चिंता केली ती प्राचार्यांच्या घराची. कुस्त्यांचे फड भरवून, स्वतः लढून त्यांनी पैसे जमवले आणि गहाण पडलेले घर सोडवले. आखाड्यातील कोणत्याही विजयाइतकाच हा प्रसंग त्यांची उंची दाखवतो.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले. नोकरीत बढतीची प्रतीक्षा दीर्घकाळ करावी लागली. सेवेच्या अखेरीस ते सहायक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. पदकानंतरच्या ३२ वर्षांत त्यांना ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म किताब.

काळ पुढे सरकला तसे त्या पदकाचे मोल वाढत गेले. भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते १९९६ मध्ये, टेनिसपटू लिअँडर पेस यांच्या रूपाने, म्हणजे ४४ वर्षांनी. कुस्तीतील पुढचे पदक सुशील कुमार यांनी २००८ मध्ये, ५६ वर्षांनी आणले. महाराष्ट्राच्या भूमिपुत्राला तर ७२ वर्षे थांबावे लागले. कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकले. खाशाबांच्या वाट्याला सन्मान आले ते मरणोत्तर. २००० सालचा अर्जुन पुरस्कार, २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत उभारलेल्या कुस्ती संकुलाला दिलेले नाव आणि २०२३ मध्ये त्यांच्या जन्मदिनी राज्य क्रीडा दिन साजरा करण्याचा राज्य शासनाचा निर्णय.

केवळ पदके मोजणाऱ्यांच्या यादीत खाशाबा जाधव यांच्या नावापुढे एक कांस्यपदक एवढीच नोंद राहील. परंतु दोन ऑलिंपिक, दोन वजनगट, अपरिचित गादी, लोकवर्गणीचा प्रवास आणि सुवर्ण व रौप्यविजेत्यांखेरीज कोणाकडूनही न झालेला पराभव, हे सारे तराजूत घातले तर पारडे निःसंशय त्यांच्या बाजूने झुकते. देशाने ते वजन करायला उशीर केला. त्या उशिराची किंमत मात्र खाशाबांना हयातीत मोजावी लागली.